साळवे सर आणि तिसगावचा वजीर

आदरणीय साळवे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते तिसगावच्या शाळेच्या मैदानावर, हातात फक्कीचं घमेलं घेऊन. मला वाटलं, कबड्डीचं मैदान आखताहेत. सर आखत होते आफ्रिका! पुढे समुद्र, मग आपलं नगर. आठवीची मुलं त्या वाटेनं चालत होती आणि सर सांगत होते, की लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी असाच इकडे आला, निजामशाहीचा वजीर झाला आणि मोगलांना त्यानं वर्षानुवर्षं थोपवून धरलं. मी मराठीचा नवा मास्तर, आ वासून बघत राहिलो.

सर बौद्ध घरातले. लहानपणी शाळेत काय काय ऐकून घेतलं, ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसांनी पहिल्यांदा मतदान केलं, तेव्हा मात्र अख्खा वर्ग ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढे बसवून म्हणाले, "त्या रांगा नीट बघून ठेवा."

त्याच वर्षी स्नेहसंमेलनात आम्ही त्या वजिरावर नाटक घेतलं. बसवायचं काम माझ्याकडे. तव्याची काजळी तेलात कालवून मुलांची तोंडं काळी करायची, ही आमची जुनी रीत. गुलामांच्या बाजारात कोणाला उभं करायचं हे ठरवताना आठवीतल्या छबूकडे बघून माझी जीभ घसरली. "छबूला घ्या, तिला काजळी लागायची नाही." वर्ग खो-खो हसला. मीही हसलो. आज लिहितानाही लाज वाटते.

छबू शाळेत यायची बंद झाली. आईवडील ऊसतोडीला गेलेले, ती चुलतीकडे राहायची. आता शाळा सोडून तीही उसाच्या फडावर निघाली, असं कळलं. सर माझ्यावर रागावले असते तर परवडलं असतं. ते एवढंच म्हणाले, "चला. बोललात तुम्ही, तिला आणायलाही तुम्हीच हवेत."

चुलतीनं दारातच अडवलं. "लई शिकली. काळी म्हनून हसंच करून घ्यायचं तर उसात काय वाईट हाय?"

मी छबूपुढे हात जोडले. "चुकलो गं पोरी." ती माझ्याकडे बघेचना.

मग सर उंबऱ्याशी बसले. "छबू, वजिराचं काम तू करायचंस."

"वजीर काळा हुता म्हनून?"

"नाही. तुझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो म्हणून. आणि काजळी यंदा कोणालाच लावायची नाही. जो तो आपल्या तोंडानं उभा राहील."

छबूनं खुंटीवरचं दप्तर काढलं. मग म्हणाली, "पाठ कवापर्यंत करायचं?"

संमेलनात छबू अशी गरजली, की चुलती पदर तोंडाला लावून रडली आणि पडद्यामागे मीही.

छबू आता कॉलेजात इतिहास शिकते आहे, मास्तरीण होणार म्हणते. सर, साठीनंतरही तब्येत ठणठणीत ठेवा, शंभरी गाठा. तिच्या पहिल्या तासाला तुम्ही वर्गात बसलेले हवेत. तिनं मला बजावलंच आहे, "तुमी न्हाई आला तरी चालंल. सरांना मात्र आनायचं."