पुढचा ब्रेक

सोनईत मोटारसायकल शिकायची तर गनीभाईंकडे, आणि गनीभाईंचा पहिला नियम असा की पहिल्या रविवारी किल्लीच मिळणार नाही. गाडी नुसती हाताने ढकलायची, वळवायची, स्टँडवर लावायची. तरणी पोरं यावर नाकं मुरडत. मुरडेनात का. भाई तीस वर्षं गॅरेज चालवत होते, आणि नाकं मुरडणाऱ्यांच्या गाड्या टेम्पोत घालून शेवटी कुठे येतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

शिकवणी साखर कारखान्याच्या मैदानात. गळीत हंगाम सुरू झाला की तिथे उसाच्या गाड्या उभ्या राहतात. पावसाळाभर मात्र ते मोकळं असतं. दुसऱ्या रविवारी विटांच्या मधून सावकाश चालवणं, तिसऱ्या रविवारी आठचा आकडा काढणं, आणि त्यापुढे सलग चार रविवार फक्त थांबणं. भाई फक्कीने पांढरी रेघ आखत. आधी नुसत्या मागच्या ब्रेकवर थांबायचं आणि गाडी रेघेपुढे किती गेली ते पावलांनी मोजायचं. मग दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा दोन बोटांनी हळूहळू दाबत.

यंदा शिकायला राजेश्वरी होती. तिचा नवरा कल्याण तीन वर्षांपूर्वी रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळून गेला. आता तिला शिंगणापुरात तेल-नारळाच्या दुकानात काम लागलं होतं. जायला एसटीचा भरवसा नाही, आणि घरात गाडी होती ती कल्याणचीच. सासरे सहादेव दर रविवारी सोबत येत, लिंबाखाली बसत आणि सून रेघेवर थांबली की मान डोलवत. गनीभाईंना ते बघवत नसे.

त्याला कारण होतं. आपल्याकडे हे कुणी पसरवलं कोण जाणे, पण घरोघरी समजूत एकच, की पुढचा ब्रेक दाबला की गाडी तोंडावर पाडते. म्हणून नवी गाडी आली की बाप ती आधी गॅरेजात आणणार आणि पुढचा ब्रेक ढिला करून घेणार. कल्याणची गाडी सहादेवांनीच आणली होती. "पोरगं तापट हाय, भाई. पुढचा ढिला ठेवा." भाईंनी दोन मिनिटांत नट सैल करून दिला होता. अपघातानंतर तीच गाडी दुरुस्तीला आली, तेव्हा त्यांनी पुढचा ब्रेक दाबून पाहिला. दांडी थेट मुठीला टेकली, ब्रेक लागतच नव्हता.

त्या दिवसापासून भाईंनी कुणाचा ब्रेक ढिला केला नाही. उलट दिसेल त्याला थांबवून नट आवळून द्यायचे, आणि लोक संध्याकाळी दुसरीकडे जाऊन तो परत ढिला करून घ्यायचे. मग त्यांनी मैदानात विटा मांडल्या. का मांडल्या, ते कुणालाही सांगितलं नाही.

राजेश्वरीला शिकवताना मात्र त्यांची पुरती कोंडी झाली. कमी शिकवावं तर तिच्या जिवाशी खेळ, नीट शिकवावं तर ती एक दिवस विचारणारच. सहाव्या रविवारी नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी रेघेपुढे अकरा पावलं गेली, दोन्हीवर चार. ती खाली बघत तिथेच उभी राहिली.

"एवढा फरक पडतो, चाचा?"

"पडतो," भाई म्हणाले आणि विटा उचलायला वळले.

दसऱ्याआधीच्या शेवटच्या रविवारी ती दर वेळी बरोब्बर रेघेवर थांबली. सहादेव खुशीत उठून आले. "गनीभाई, पोरगी तयार झाली. उद्यापासनं डांबरी रस्त्याला निघंल. तेवढा पुढचा ब्रेक ढिला करून द्या. लई भ्या वाटतं."

राजेश्वरीने हेल्मेट काढलं. सासऱ्यांकडे न बघता तिने भाईंना विचारलं, "ह्यांच्या टायमाला बी ढिला हुता का?"

"म्या केल्ता," भाई म्हणाले. "माझीच चूक हाय ती." सगळं एकट्याने अंगावर घ्यायचं त्यांनी कधीच ठरवून ठेवलं होतं. पण सहादेव मध्येच बोलले, "आवं, चूक कसली? म्याच सांगितल्तं की. पोराला जपायचं म्हनून."

म्हातारा अजून हसत होता. दोघांचे चेहरे बघून ते हसू हळूहळू उतरलं. "का? काय झालं?"

भाईंना वाटलं, सांगून टाकावं. लगेच वाटलं, जीभ झडली तरी चालेल पण हे सांगू नये. आता दोन्ही त्यांच्या हातात उरलं नव्हतं. त्यांनी राजेश्वरीकडे पाहिलं.

ती बराच वेळ हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिली. मग तिने ते डोक्यात घातलं. "काय न्हाई, आबा. ब्रेक हाय तसाच ऱ्हाऊ द्या. बसा मागं, घट्ट धरा."

फाटकाशी रस्त्यावरून ट्रॅक्टर आडवा आला. तिने ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी सरळ उभी राहिली. मागे बसलेले सहादेव शाबासकी म्हणून तिच्या खांद्यावर थोपटत होते.

भाईंनी फक्कीचा डबा उचलला. निघताना तिने त्यांचा निरोप घेतला नव्हता, आणि हाक मारून थांबवायला त्यांना तोंड नव्हतं.