झुल्माबाईंचं बुडालेलं चर्च

आमच्या मूरहुक गावची मिरवणूक दरवर्षी माझ्या कुरणात शिरते, मोकळ्या गवताभोवती तीन फेऱ्या घालते आणि परत फिरते. का, ते पाद्रीबुवांनाही ठाऊक नाही. झुल्माबाईंचं मात्र चाळीस वर्षं एकच पालुपद, "अरे, तिथं आपलं जुनं चर्च होतं! समुद्रानं गाव गिळलं, माणसं वाळूच्या उंचवट्यावर आली, पुढं समुद्र हटून तिथं कुरण झालं, पण फेऱ्या काही सुटल्या नाहीत."

सायकलवरून टपाल वाटता वाटता बाईंनी गावाचा इतिहास-भूगोलही दारोदार फुकट वाटला. मी ओदील, गायीवाला. त्यांना सगळ्यांत मोठ्यानं हसणारा मीच.

यंदा तीन महिने पाऊस फिरकला नाही. गायींसाठी नेमकं तिथंच तळं खणायचं मी ठरवलं. सोमवारी यंत्र येणार होतं. रविवारी सकाळी एक्क्याऐंशी वर्षांच्या बाई माझ्या दारात हजर!

"ओदील, आताच्या चर्चच्या मनोऱ्यावर चढ. दुष्काळात जमीन पोटातलं सांगते. माझे गुडघे गेलेत, नाहीतर मीच चढले असते."

"वरून काय दिसणार? माझ्याच गायींची ढुंगणं!"

"तीच बघ. पण चढ, मेल्या! मी कुरणात थांबते, फोन कर."

शिव्या हासडत एकशे बारा पायऱ्या चढलो. खाली पाहिलं आणि चाटच पडलो. कुरणात पिवळ्याधमक रेघा! लांबट खोली, पूर्वेला वेदीचं गोल टोक, भोवती बुजलेल्या खंदकाचा हिरवा पट्टा. गाडलेल्या भिंतींवरचं गवत आधी करपलं होतं, खंदकातल्या खोल, ओलसर मातीवरचं अजून हिरवं होतं. आणि मिरवणुकीची पायवाट त्या भिंतींना धरूनच फिरत होती!

"बाई, आहे! अख्खं चर्च आहे!" मी फोनवर किंचाळलो.

पलीकडून बाई म्हणाल्या, "मला इथून काहीच दिसत नाही रे. मी कुठंय?"

"डावीकडे चला. अजून थोडं. थांबा, थांबा! दारात उभ्या आहात."

बाई थांबल्या. त्यांनी गवतावर बूट घासले, तेही मला वरून दिसलं.

"आत जाऊ?"

या बाईंना मी चाळीस वर्षं वेडी म्हणत होतो!

"जा बाई, जा! तुमचंच आहे."

मधोमध माझी एक गाय बसली होती. तिला वळसा घालून बाई थेट गोल टोकापर्यंत गेल्या आणि तिथं त्यांनी आपले दुखरे गुडघे टेकले. मी मनोऱ्यावरूनच यंत्रवाल्याला फोन लावला आणि सांगितलं, उद्या येऊ नकोस.