न उचलायचा फोन

देशातल्या सगळ्या मोबाइल कंपन्यांनी मिळून ठरवलं, तरी माझा पोलादपूरचा मामा सुधारणार नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. कंपन्यांनी प्रयत्न कमी केलेले नाहीत. एकेकाळी मिनिटाचे पैसे मोजून बोलणारी माणसं एका रिचार्जवर महिनाभर बडबडू लागली. मामा होता तिथेच आहे.

एसटीचा ड्रायव्हर म्हणून त्याची सगळी नोकरी आंबेनळी घाटाच्या वळणांवर गेली, त्यामुळे त्याचा हॉर्नवर विश्वास जास्त, बोलण्यावर कमी. फोनवर आवाज किती चढवायचा हे तो अंतर पाहून ठरवतो. महाडला माझ्याशी बोलायचं तर खाटेवरून, मुंबईच्या मुलाशी ओटीवरून, आणि दुबईच्या पुतण्याशी अंगणाच्या टोकाला जाऊन, पश्चिमेकडे तोंड करून. "हळू बोललास तरी ऐकू जातं रे मामा," म्हटलं तर म्हणतो, "मधी समुद्र हाय गो!" नव्या नेटवर्कवर आवाज स्वच्छ यायला लागला तेव्हा त्याला संशयच आला. मुलाला म्हणाला, "मुंबईत हायस म्हणतोस, मग खरखर कुठं गेली? खरं सांग, महाडात येऊन बसलायस ना?" फोनमध्ये तो कुणाचं नाव साठवत नाही. "ज्याचा नंबर पाठ नाय, तो आपला कसला?" मामीचा नंबर मात्र त्याला येत नाही. ती घरातच असते, तिला कशाला फोन करायचा?

त्याची थोरली बहीण, माझी मावशी, वरंधच्या अलीकडे डोंगराच्या पोटाशी एका वाडीत एकटी राहते. फोनला पैसे पडायचे त्या काळात या दोघांनी मिस कॉलचा करार केला. सकाळचा चहा झाला की मावशी एक रिंग देणार: मी बरी आहे. मामा एक रिंग परत देणार: मीही बरा आहे. उचलायचं कुणीच नाही. शेजारच्या तळीये गावावर दरड कोसळली त्या पावसाळ्यापासून तर एकही सकाळ चुकली नाही. कॉल फुकट झाल्यावर मी म्हटलं, आता बोला की दोघं. मामा म्हणाला, "बोललं की बांधावरनं भांडण होतं. रिंगेत भांडण होत नाय."

गेल्या पावसाळ्यात कंपनीचा मेसेज आला, जुन्या फोनवर आता बोलता येणार नाही. मी महाडच्या दुकानातून त्याला नवा फोन घेऊन दिला. दुकानदार कौतुकाने म्हणाला, "काका, फसवणुकीचे फोन आता कंपनीच ओळखते. मी असं करून दिलंय की ते वाजणारच नाहीत."

दोनच दिवसांनी रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळी मावशीची रिंग आली नाही. मामाने स्वतः लावला. पूर्ण वाजला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. मग त्याने मला फोन केला, आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. "बाय, तायची रिंग नाय आली. फोन पण उचलत नाय." मी लावून पाहिला तर लाइन सारखी बिझी. मामाच लावत होता, हे नंतर कळलं. तो एसटीने महाडला आला, मी स्कूटर काढली. एरवी माझ्या मागे बसला की वळणावळणावर मला शिकवतो. त्या दिवशी मागे बसून नुसता तिचा नंबर लावत राहिला.

मावशी पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. आम्हाला पाहून घाबरली. "गो बाय, दोघं कशी आलात? कोण गेलं?"

मामा ओरडला, "रिंग का नाय दिलीस?"

"दिली की! तूच मेल्या सकाळपासनं वाजवतोयस. म्हटलं, भाऊ आज खुशीत हाय."

"मग उचलायचा ना!"

"उचलायचा नाय, असं तूच ठरवलंयस!"

मी मामाचा फोन पाहिला. मावशीचा कॉल आला होता, न वाजता. नंबराखाली लाल अक्षरांत लिहिलेलं, 'संशयित स्पॅम'. रोज एक रिंग देऊन फोन कापणारी बाई ठगच असणार, असं कंपनीच्या यंत्राने ठरवून टाकलं होतं. नाव साठवलेलं असतं तर वाजला असता.

"काय लिवलंय गो माझ्यावर?" मावशीने विचारलं.

"तू चोर हायस," मामा म्हणाला. "बांध कुणी सरकवला, ते कंपनीला बरोबर कळलं."

मग तासभर बांधाचं भांडण झालं, दोनदा चहा झाला, आणि निघताना मामाने मला त्याच्या फोनमध्ये पहिलं नाव साठवू दिलं: ताय.

माझा मुलगा पुण्याहून रोज व्हिडिओवर बोलतो. जेवण, ट्रॅफिक, साहेब, सगळं होतं. फोन ठेवल्यावर लक्षात येतं, बरा आहेस का, हे विचारायचं राहूनच गेलं.

परवा मामाचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटेपर्यंत फोन माझ्याकडे होता. "एकच रिंग दे. बोलत बसू नको," अशी ताकीद होती. सकाळी चहा ओतत होते, तेवढ्यात पडद्यावर 'ताय' उमटलं. सवयीने माझा अंगठा पुढे गेला, तो मी मागे घेतला. फोन एकदा वाजला आणि थांबला. मावशी बरी होती. मी एक रिंग परत दिली. मामाही बरा होता.