रेश्माने मला केलेला अर्ज

२००३ सालची नारळी पौर्णिमा. तारकर्लीच्या किनाऱ्यावर मी छत्री धरून उभी होते आणि खरं सांगते, मला तिथे जायचंच नव्हतं.

तेव्हा मी दिवसभर मालवणच्या शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी एसटीने तारकर्लीला जाऊन दहावी नापास झालेल्या पाच मुलींचा क्लास घ्यायचे. एका ओळखीच्यांच्या पडवीत. ऑक्टोबरची परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. हौसेने सुरू केलं होतं, पण ऑगस्टपर्यंत माझी पार चाळण झाली होती... घसा बसलेला, पाय सुजलेले आणि घरी गेल्यावर पुन्हा स्वयंपाक.

पाचांपैकी रेश्माने मला सगळ्यात जास्त दमवलं. ती मराठीत नापास झाली होती. हो, मराठीत! तिला नर्स व्हायचं होतं आणि त्यासाठी दहावी पास व्हायलाच हवं होतं. घरचे आणखी एक वर्ष थांबणार नव्हते. तिच्या आईने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाई, आता नापास झाला तर माशांची पाटी घेवन माझ्या वांगडा बाजारात बसात."

निबंध लिहायला सांगितला की रेश्मा दोन ओळी लिहायची आणि वहीवर हात ठेवून बसायची. का गं? "माका येणा नाय बाई." एवढंच. अर्जाचा नमुना तर मी आठ वेळा फळ्यावर लिहून दिला असेल. आठही वेळा "अर्जदार" या शब्दाच्या पुढे तिची गाडी जाईना.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी माझा तोल गेला. सगळ्या मुलींसमोर मी तिच्यावर ओरडले, "एवढं साधं जमत नाही तर जा, मासेच विक!" ती रडली नाही. नुसती मान खाली घातली आणि वही मिटली.

आणि त्याच संध्याकाळी मी एसटीची वाट बघत उभी असताना तिची आई धावत आली. उद्या होडीची पूजा आहे, बाईंनी यायलाच हवं म्हणाली. मुलीने घरी काही सांगितलंच नव्हतं... मला नाही म्हणायचं तोंड राहिलं नाही.

तर अशी मी त्या किनाऱ्यावर. घरचे, शेजारी मिळून वीसेक माणसं होडीभोवती जमलेली. आमच्याकडे नारळ देताना गाऱ्हाणं घालायचं असतं. म्हणजे एकाने देवाला सगळं मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. दरवर्षी हे रेश्माचे वडील करत. पण त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे या वर्षी नारळ तिच्या धाकट्या काकाच्या हातात होता.

काकाने "बा देवा म्हाराजा" म्हटलं, लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं... आणि काका अडकला. पुढचं काही आठवेना. वडील नुसते हातवारे करत होते. गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडून होडी पाण्यात कशी घालायची? लोक एकमेकांकडे बघायला लागले.

तेवढ्यात काकाच्या मागून हळू आवाज आला. रेश्मा! "आज आमी तुझी लेकरा होडी पाण्यात घालतंव..." काकाने ते मोठ्याने म्हटलं. "माणसा दर्यात जातीत, त्येंका सुखरूप घराक येवंदे..." तेही म्हटलं. ती न अडखळता सांगत गेली. आम्ही कोण, कशासाठी आलो, काय हवंय आणि शेवटी, "काय चुकला असात तर पोटात घाल." व्हय म्हाराजा!

दोन ओळींपुढे न जाणारी ती हीच मुलगी. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मी तिला एवढंच म्हटलं, "काल गाऱ्हाणं ज्या क्रमाने सांगितलंस, त्याच क्रमाने एक अर्ज लिही. कुणालाही लिही. कशासाठीही लिही." आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. माझ्यात त्याहून जास्त शिकवायचं त्राण नव्हतं.

अर्ध्या तासाने तिने वही माझ्यापुढे ठेवली. अर्ज मलाच होता.

"विषय : सर्वांसमोर न ओरडण्याबाबत.

महोदया, मी आपल्या क्लासची विद्यार्थिनी. परवा आपण मला मासे विक म्हणालात. माझी आई मासे विकते व त्यावर आमचे घर चालते. आपण ओरडलात की येत असलेलेही मी विसरते. तरी माझी चूक मला एकटीला बाजूला घेऊन सांगावी, ही नम्र विनंती. काही चुकले असल्यास पोटात घालावे."

मी तो दोनदा वाचला. ती समोर उभी होती, आणि त्या दिवशी मान खाली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलंही नाही. अर्जाखाली "मंजूर" लिहिलं, सही केली आणि सगळ्या मुलींसमोर तिची माफी मागितली. ओरडले सगळ्यांसमोर होते ना...

ऑक्टोबरच्या परीक्षेत रेश्मा मराठीत पास झाली. अगदी काठावर, पण झाली. पुढे नर्सही झाली.

मी तेव्हा दमलेली होते हे खरंच. पण दमल्याचा राग काढायला मी नेमकी उलट बोलणार नाही अशी मुलगी निवडली होती, हेही खरं. तरीही तिने मला माणूस समजून अर्ज केला... त्याबद्दल रेश्मा, तुझे आभार.