सावर फुलल्याची चौकशी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी उभ्या आयुष्यात फक्त दोघींवर विश्वास ठेवला. एक काकू आणि दुसरी सोसायटीच्या फाटकापाशी उभी असलेली काटेसावर. बाकी यच्चयावत सृष्टी त्यांच्या लेखी चौकशीच्या अधीन होती. त्यात त्यांचा फारसा दोष नव्हता. केंद्र सरकारच्या दक्षता विभागात जन्म काढल्यावर माणूस सकाळच्या उन्हाकडेसुद्धा डोळे बारीक करूनच बघणार. नव्वदीच्या दशकात आम्ही दोन मराठी कुटुंबं दिल्लीतली सरकारी क्वार्टर्स सोडून गाझियाबादच्या या नव्या सोसायटीत राहायला आलो, तेव्हा समोर मोहरीची शेतं होती. पुढे तिथे मॉल झाला. त्याचं काचेचं दार आपोआप उघडलेलं पाहून काका दोन पावलं मागे सरले. "न विचारता आत घेताहेत, म्हणजे बाहेर सोडताना विचारणार," असं म्हणून ते बाहेरच्या कट्ट्यावर बसले ते आमची खरेदी होईपर्यंत उठले नाहीत. एका जानेवारीत मराठी मंडळाच्या बसने आम्ही पानिपतला काला अंब पाहायला गेलो. सगळी मंडळी स्मारकापुढे गहिवरून उभी असताना काका मफलर घट्ट करत मला म्हणाले, "इथल्या हवेवर भरवसा ठेवला की असं होतं बघ."

काकूंचा सगळा कारभार विश्वासाचा. भाजीवाल्याला "भैया, तुम ही निवडके दो" म्हणायच्या आणि घरी आलेली भेंडी काका एकेक करून उजेडात धरायचे. त्यांच्या स्वयंपाकघरात मुंबईहून मागवलेलं मराठी कॅलेंडर टांगलेलं असे. गॅस कधी लावला, बाई कधी आली नाही, या नोंदींमध्येच दरवर्षी एका चौकोनात काकूंच्या गोल अक्षरात दोन शब्द असत: 'सावर फुलली'. झाडावर पहिलं लाल फूल दिसल्याची ती तारीख. काकूंना दमा होता आणि दिल्लीची थंडी त्यांना अजिबात सोसत नसे. सावर फुलली की थंडी गेली, हा त्यांचा नियम. मग स्वेटर, शाली, रजया गच्चीवर उन्हात पडायच्या आणि डांबराच्या गोळ्या घालून दिवाणाच्या पोटात जायच्या. हळूहळू सगळी बिल्डिंग त्यांच्या भरवशावर राहायला लागली. "आंटीजी, सेमल खिल गया क्या? रजाई रख दें?" असं जिन्यात विचारल्याशिवाय कुणी लोकरीच्या कपड्याला हात लावत नसे.

एका वर्षी मात्र फूल फारच लवकर आलं. धुकं अजून पुरतं हटलं नव्हतं. काकू खिडकीतून बघून म्हणाल्या, "इतक्यात कशी?" त्यावर काका हसले. माझ्यासमोर हसले, म्हणून सांगतो. "अगं, झाड कशाला खोटं बोलेल?" असं म्हणत त्यांनी स्वतः सगळं गरम कपड्यांचं बिऱ्हाड दिवाणात भरलं. काकूंची जांभळी शालसुद्धा. आठवड्याच्या आत थंडी परत आली, ती वारा घेऊन. काकांनी धावपळ करून दिवाण उपसला, पण तोवर खोकला काकूंच्या छातीत जाऊन बसला होता. खरा वसंत आला, तेव्हा काकू नव्हत्या.

तेराव्यानंतर काकांनी झाडाची चौकशी उघडली. जुनी कॅलेंडरं माळ्यावरून काढली, तारखा लावल्या. फूल दर दोन-चार वर्षांनी थोडं थोडं अलीकडे सरकत आलं होतं. होळी स्वतःच पुढेमागे होते, म्हणून तिची साक्ष त्यांनी अग्राह्य ठरवली. पहिला संशय चौकीदाराच्या शेकायच्या अंगीठीवर. ती त्यांनी बुंध्यापासून दहा पावलं लांब नेऊन ठेवली. "साहब, ठंड मुझे लगती है, पेड़ को नहीं," असं तो काकुळतीने म्हणाला, तेव्हा काकांनी त्याला स्वतःचा स्वेटर दिला, अंगीठी मात्र हलवू दिली नाही. मग समोरच्या टॉवरचा हॅलोजन दिवा, मग मॉलच्या भिंतीवरून उलटून येणारं ऊन. मॉलच्या मॅनेजरने त्यांना चहा पाजून परत पाठवलं. चहाही त्यांनी मॅनेजरने आधी घोट घेतल्यावरच घेतला.

शेवटी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी वैतागून म्हणाले, "अंकलजी, हो सकता है आंटीजी ने ही तारीख़ ग़लत लिख दी हो." मी मान खाली घातली. काका शांतपणे उठले. "मैंने मंत्रीजी के साइन पर शक किया है," ते म्हणाले. "उसकी लिखाई पर नहीं." आणि कॅलेंडरं काखेत घेऊन बाहेर पडले.

जिन्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, "काका, पेपरात येतंय हल्ली. सगळीकडचंच हवामान बदलतंय. गाड्या, कारखाने, आपण सगळेच त्याला जबाबदार."

"सगळेच जबाबदार म्हणजे कुणीच नाही," ते म्हणाले. "असा रिपोर्ट मी कधी पुढे जाऊ दिला नाही." दोन पायऱ्या चढून थांबले. "आणि दिवाण तर मीच भरला होता ना?"

इतकी वर्षं जगावर संशय घेणारा हा माणूस आता कुणाच्या मागे लागलाय, ते मला कळलं आणि फार वाईट वाटलं.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. कॅलेंडरात जानेवारीच्या अखेरीच्या एका चौकोनात काकांच्या टोकदार अक्षरात 'सावर फुलली' असं लिहिलेलं होतं. बाहेर भाजून काढणारी लू वाहत होती, कूलरचं पाणी दुपारपर्यंत पुरत नव्हतं. काकूंच्या खुर्चीच्या पाठीवर जांभळी शाल तशीच होती, घडी घालून, हाताशी येईल अशी.

"काका, मे महिना आहे," मी हळूच म्हटलं.

काकांनी शालीवरची धूळ झटकली, पुन्हा नीट खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि खिडकीबाहेर डोळे बारीक करून पाहिलं.

"हो," ते म्हणाले, "म्हणतात तसं."