उतारावर पेटणारा दिवा

किशोरी परबचं गॅरेज कट्ट्याच्या बाजारापासून थोडं पुढे, मालवणच्या रस्त्याला लागून आहे. पत्र्याची शेड आणि पुढ्यात दोन काजूची झाडं. लहानपणी वडिलांचा पॉवर टिलर शेतात अडून बसला की गावात दुरुस्त करणारं कुणी नसायचं, तेव्हा शाळकरी किशोरीच तो उघडून बसायची. पुढे तिने आयटीआय केलं, कुडाळच्या एका शोरूममध्ये काही वर्षं काढली आणि लग्नानंतर स्वतःचं गॅरेज थाटलं. पहिली मोठी खरेदी केली ती गाडीतला बिघाड दाखवणाऱ्या स्कॅनरची. सासूबाई विमला यांनी त्या यंत्राला हौसेने हळदकुंकू लावलं, आणि पडद्याच्या कडेला गेलेलं कुंकू किशोरी पुढे कित्येक दिवस पुसत राहिली.

त्या गॅरेजसमोर एका दुपारी मथुरा खवणेकरची व्हॅन येऊन थांबली. मथुरा मालवणच्या दांडी किनाऱ्यावरची. उभा जन्म माशांची टोपली घेऊन एसटीने कणकवलीच्या बाजारात गेलेली बाई. पन्नाशीत गाडी शिकली आणि जुनी व्हॅन घेऊन मागच्या सीटा काढून टाकल्या. आता ती स्वतः चालवत बाजार गाठायची. पण गेले काही दिवस व्हॅन अर्ध्या वाटेत मान टाकायची.

"बाय, दोन ठिकाणी मशीन लावून झाला, नवो पार्ट घालून झालो," मथुरा उतरता उतरताच म्हणाली. "पण तो पिवळो दिवो काय माजी पाठ सोडणा नाय. दिवो पेटलो की गाडयेची बैलगाडी जाता."

किशोरीने स्कॅनर जोडला. पडद्यावर कोड आला : अ‍ॅक्सिलरेटरच्या सेन्सरचा निरोप पोचत नाही. आधीच्या मेकॅनिकांनी सेन्सर बदलला होता, त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण निरोप वाटेत, वायरींमध्येही अडतो, हे किशोरीला ठाऊक होतं. तिने स्कॅनर बाजूला ठेवला.

"काकी, दिवो कदी पेटता? चढाक की उतारार?"

मथुरा विचारात पडली. "उतारार गो! ब्रेक मारलंय की पेटता."

"आणि बाजारातसून येताना?"

"येताना एकदम गुणाची. रिकामी आसता मा तेवा."

किशोरीचे डोळे चमकले. "उद्या मी येतंय तुज्यावांगडा."

"म्हावऱ्याच्या गाडयेत? वास येतलो हां!"

"माका डिझेलचो येता, तुका म्हावऱ्याचो. बसतलंय शेजारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी किशोरी मांडीवर स्कॅनर घेऊन व्हॅनमध्ये बसली. मागे बांगडे, सुरमई आणि बर्फाने भरलेले क्रेट. चढावर आकडे शहाण्यासारखे चालले होते. मग उतार लागला. मथुराने ब्रेक दाबला, मागचं वितळलेल्या बर्फाचं पाणी खळखळत पुढे आलं, आणि पडद्यावरचे आकडे सैरभैर झाले. पिवळा दिवा पेटला. व्हॅन कुंथत रस्त्याच्या कडेला लागली.

"गावलो बिघाड!" किशोरी हसत ओरडली.

"गाडी बंद पडली आणि तू हसतंस काय?"

किशोरीने स्कॅनर सीटवर ठेवला. ती खाली उतरून ड्रायव्हरच्या सीटखालची रबरी चटई ओढत होती. चटईखाली खारट पाण्याचं डबकं साचलेलं, आणि त्यात वायरींचा जोड बुडालेला. तिने तो उघडून मथुराच्या पुढ्यात धरला. आतलं तांबं कळकून हिरवंगार झालं होतं.

"बघ काकी. सुरमयेचा पाणी पिऊन बसलो हा ह्यो."

मथुराने कपाळाला हात लावला आणि तीही हसायला लागली. किशोरीने जोड पुसला, स्प्रे मारून साफ केला, कोरडा करून दोरीने वर बांधला. दिवा विझला. बाजार वेळेत गाठला.

परत निघेपर्यंत किशोरीला मथुराशेजारीच बसावं लागलं. शेतकऱ्याची लेक, मासे खाण्यात पटाईत, विकण्यात नवखी; गिऱ्हाइकाने बांगडा ताजा आहे का विचारलं तेव्हा तिने इंजिनाचं झाकण उघडावं तसा गंभीरपणे त्याचा कल्ला उघडून दाखवला. आजूबाजूच्या बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. बांगडा मात्र विकला गेला.

गॅरेजमध्ये परतल्यावर तिने नवा जोड बसवला, वायरी दाराच्या कडेने उंचावरून नेल्या, आणि वेल्डिंगवाल्या गंगारामकडून क्रेटखाली मावेल असा पत्र्याचा ट्रे करून घेतला. ट्रेला मागे नळी, म्हणजे पाणी थेट रस्त्यावर.

"पण खरा कळतला कसा?" मथुराने विचारलं. "आता गाडयेत म्हावरा नाय."

किशोरीने बादली उचलली. दोघींनी विहिरीचं पाणी क्रेटमध्ये भरलं, मूठ मूठ मीठ टाकलं आणि व्हॅन उताराला नेली. मथुराने ब्रेक दाबला. पाणी उसळलं, मागे क्रेटला पाठ लावून बसलेल्या किशोरीच्या खांद्यापर्यंत आलं. आकडे सरळ. दिवा गप्प.

"परत मार काकी!"

मथुराने परत मारला. चिंब भिजलेली किशोरी स्कॅनर डोक्यावर धरून खिदळत होती, आणि मथुराने गाडी वळवून पुन्हा उताराच्या माथ्यावर आणली.