मार्केटाचं खातं

टांपेरे शहरातल्या त्या छोट्या कंपनीत मार्केटा यलोनेन सगळ्यांत जुनी. दातांच्या दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट सांभाळणारं सॉफ्टवेअर मुळात तिनेच लिहिलं. तेव्हा माणसं दोनच, म्हणून डेटाबेसमध्ये शिरायचं खातं तिने स्वतःच्याच नावाने काढलं. पुढे माणसं अकरा झाली, खातं तेच राहिलं. नवा कोणी आला की पासवर्डांची फाइल त्याच्या लॅपटॉपवर टाकायची, त्याला कॉफी पाजायची, की झाला तो कामाला मोकळा. चाचणीच्या डेटाबेसचा पासवर्ड वरच्या ओळीत, खऱ्याचा खालच्या.

"यार्को, प्रत्येकाला वेगळं खातं दे. एक दिवस हे अंगाशी येईल," ती मालकाला दरवर्षी सांगे.

"अगं, देऊ की! एवढी नवी आवृत्ती बाहेर पडू दे."

सहा वर्षं ते घोंगडं भिजत पडलं.

सप्टेंबरात एका मंगळवारी कोणीतरी चाचणीचा डेटा पुसायला गेला आणि खालची ओळ वापरून बसला. चार हजार रुग्णांच्या खऱ्याखुऱ्या अपॉइंटमेंट पुसल्या गेल्या. पुसणाऱ्याचं नाव म्हणून यंत्राने नोंदवलं होतं मार्केटा यलोनेन. करून गेला गाव आणि कांदळकराचं नाव, दुसरं काय!

"त्या दिवशी मी सुट्टीवर होते. रानात बेरी वेचत होते," ती बैठकीत म्हणाली. "ज्याने केलं त्याने बोलावं."

दहाही जण मूग गिळून कॉफी ढवळत बसले. त्यांतल्या सहांना तिने हाताला धरून काम शिकवलं होतं. मेल्यांना लाज कशी वाटली नाही!

"तू केलं नाहीस, मला माहितेय गं," यार्को नंतर म्हणाला. "पण दवाखान्यांना एक नाव हवंय. आणि फाइल तूच वाटलीस ना?"

"तुझ्याच सांगण्यावरून!"

"तसं कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं कुठेच नव्हतं. मार्केटाने राजीनाम्यावर सही केली.

शेवटच्या दिवशी, निदान आपलं नाव तरी इथून पुसून जावं म्हणून ती खातं बंद करायला बसली. पासवर्ड चुकीचा आहे, असं पडद्यावर आलं. तिने पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

"सकाळीच बदललाय तो," यार्को दारातून म्हणाला. "बाकीच्यांना पाठवलाय. खातं बंद केलं तर सगळ्यांचं काम अडेल गं."

"आणि उद्या कोणी पुन्हा काही पुसलं तर?"

यार्कोने खुंटीवरचा तिचा कोट काढून तिच्या हातात दिला.